मारका बैल आणि घोरणारा माणूस

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावातील एका मंडळीत रविवारच्या उपदेशाची पाळी आमच्यावर आली होती. विषय नीतिसूत्रांतला घेतला होता : आळशी मनुष्य आणि मुंगी. शेवटून दुसऱ्या बाकावर एक गृहस्थ नेहमीप्रमाणे हनुवटी छातीला टेकवून झोपले होते. नुसते झोपले नव्हते, घोरत होते. पुढच्या बाकावरची मुले एकमेकांना कोपराने ढोसत होती. आम्ही बोलता बोलता थांबलो, त्या बाकाकडे पाहिले आणि म्हणालो की, मुंगीकडे कोणाला पाठवावे हे शोधायला आज आपल्याला लांब जायला नको. सगळी मंडळी हसली. ते गृहस्थ दचकून जागे झाले आणि इतरांबरोबर तेही हसले. कशाला हसायचे हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांच्या पत्नी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदर सावरला, गीतांचे पुस्तक उघडले आणि उपासना संपेपर्यंत मान वर केली नाही.

धर्मशास्त्राच्या पदविकेसाठी शिकत होतो तेव्हा उपदेशाची मांडणी कशी करावी हे आम्हाला शिकवले गेले. झोपलेल्या श्रोत्याचे काय करावे हे कोणी शिकवले नव्हते. त्या दिवशी आपण वेळ साधली असेच आम्हाला वाटले.

त्याच आठवड्यात महिलांच्या प्रार्थनेनंतर त्या बाई आमच्या पत्नीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "वहिनी, ते आळशी नाहीत हो. रात्री दोनला भाजी भरून टेम्पो काढतात, चोर्ला घाट उतरून सकाळच्या बाजाराला गोव्यात पोचतात. आळशी माणूस असं करतो काय?" मग थोडे थांबून त्यांनी पुढचे सांगितले. "घोरतात ते घोरतात, पण मधेच एकदम गप्प होतात. पहिल्यांदा मला बरं वाटायचं, घोरणं थांबलं म्हणून. मग कळलं, श्वासच थांबतोय. पोट हलतं, छाती हलते, पण श्वास नाही. मी मोजत बसते. वीस, पंचवीस, कधी तीस. मग बुडणारा माणूस वर यावा तसा मोठ्यानं श्वास घेतात. अकरा वर्षं मोजतेय मी."

आमच्या पत्नीने विचारले, त्यांना सांगितले नाही का? त्या म्हणाल्या, "सांगितलं की. ते म्हणतात, झोपलेलो मी, मलाच कळलं नाही, तर तुला कसं कळलं?"

हे वाक्य आमच्या पत्नीने घरी येऊन सांगितले तेव्हा आम्ही हसलो. त्या वाक्यात केवढा मोठा प्रश्न दडला आहे हे लक्षात यायला आम्हाला बराच वेळ लागला. आपल्याविषयी सर्वांत जास्त आपल्यालाच ठाऊक असते हे आपण धरून चालतो. झोपेच्या बाबतीत ते साफ खोटे आहे. आयुष्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपण अशा ठिकाणी घालवतो जिथे आपणच हजर नसतो. तिथे काय घडले याचा साक्षीदार दुसरा कोणीतरी असतो, आणि त्याच्या साक्षीवर विश्वास ठेवायचा की नाही एवढेच आपल्या हाती उरते. संत ऑगस्टीन यांनीही आपल्या आत्मनिवेदनात झोपेतल्या स्वप्नांविषयी लिहिताना असा प्रश्न केला आहे की, झोपेत असताना मी मीच नसतो काय?

आता थोडे शरीराविषयी. झोप लागली की अंगातले स्नायू सैल पडतात, तसे घशाचेही पडतात. जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग मागे सरकतो, हवेची वाट अरुंद होते आणि अरुंद वाटेने हवा जाताना तो भाग फडफडतो, तेच घोरणे. घोरणारा प्रत्येक माणूस आजारी नसतो. पण काहींची वाट पुरती मिटते. छाती आणि पोट ओढ घेत राहतात, हवा मात्र आत येत नाही. असा खंड दहा सेकंद किंवा अधिक टिकला की डॉक्टर त्याला ॲप्निया म्हणतात. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, मेंदू धोका ओळखतो, माणूस क्षणभर अर्धवट जागा होतो, घसा उघडतो, मोठ्या आवाजात श्वास येतो आणि पुन्हा झोप लागते. या जागे होण्याची आठवण सकाळी उरत नाही. हवेची वाट पूर्ण किंवा अर्धी बंद होण्याचे असे प्रकार तासाला पाचापर्यंत झाले तर मोठ्या माणसात ते चालण्यासारखे मानतात. पंधरापर्यंत आजार सौम्य, तीसपर्यंत मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. म्हणजे तीव्र आजाराचा माणूस रात्रभरात दोनशे-अडीचशे वेळा गुदमरून उठतो आणि सकाळी म्हणतो, काल मला छान झोप लागली. याशिवाय एक निराळा प्रकार आहे, ज्यात वाट मोकळी असते पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच येत नाही. तो कमी आढळतो आणि त्याचे उपचारही वेगळे.

अशा माणसाचे डोके सकाळी दुखते, तोंड कोरडे पडते, रात्री लघवीसाठी उठावे लागते, स्वभाव चिडका होतो, रक्तदाब औषधांना दाद देत नाही. आणि दिवसा झोप येते : जेवताना, बोलताना, गाडी चालवताना, उपदेश ऐकताना. आजार दुर्मीळ म्हणावा तर तसेही नाही. मुंबईचे छातीविकारतज्ज्ञ डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून ती २००४ साली प्रसिद्ध केली. त्यांना दर शंभरांत साडेसात पुरुषांत दिवसाच्या झोपेसह हा आजार आढळला. संगीतकार बप्पी लाहिरी २०२२ च्या फेब्रुवारीत मुंबईत वारले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी मृत्यूचे कारण म्हणून याच आजाराचे नाव सांगितले होते.

इतका जुना आजार, आणि जगाने त्याला नाव देण्यापूर्वी शे-सव्वाशे वर्षे त्याच्यावर हसून घेतले. चार्ल्स डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स' या १८३६ साली सुरू झालेल्या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ पोऱ्या आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, काम करता करता घोरतो, आणि इंग्रजी वाचणारे सारे जग त्याच्यावर पोट धरून हसले. १९५६ साली अमेरिकेतील काही डॉक्टरांनी एका लठ्ठ, सतत पेंगणाऱ्या रुग्णाची हकीगत लिहिली आणि त्याच्या विकाराला त्या कादंबरीचे नाव दिले. हा रुग्ण पत्त्यांच्या डावात तीन एक्के आणि दोन राजे हाती आलेले असताना झोपी गेला होता, आणि त्यामुळेच आपले काहीतरी बिघडले आहे असे त्याला वाटले. (पत्त्यांचे उदाहरण या मासिकात द्यावे लागले याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.) तो विकार आणि आपण ज्याविषयी बोलत आहोत तो आजार अगदी एक नव्हेत, पण सख्खे शेजारी आहेत. १९६५ साली फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी झोपलेल्या रुग्णांचे श्वास यंत्रावर नोंदवले, तेव्हा रात्री प्रत्यक्षात काय घडते हे प्रथम स्वच्छ दिसले. जे त्या यंत्रांनी दाखवले ते अकरा वर्षे एक बाई बोटांवर मोजत होत्या.

पवित्र शास्त्रातला युतुख आपल्या संडे स्कूलच्या मुलांनाही ठाऊक आहे. त्रोवसात पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, खिडकीत बसलेला हा तरुण झोपी गेला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. ही गोष्ट आम्ही अनेकदा सांगितली आहे, आणि खरे सांगायचे तर उपासनेत झोपणाऱ्यांना धाक म्हणून सांगितली आहे. आता पुन्हा वाचून पाहा. लूक त्या तरुणाला एका शब्दानेही दोष देत नाही. खोलीत पुष्कळ दिवे होते, रात्र झाली होती, बोलणे लांबत होते, एवढेच तो टिपून ठेवतो. लूक वैद्य होता हे आम्हाला इथे आठवते. आणि पौल? तो खाली उतरला, त्या तरुणाला त्याने कवटाळले, आणि रागावला असल्याची कुठेही नोंद नाही. (नंतर वर जाऊन तो पहाटेपर्यंत बोलत राहिला, ही गोष्ट लांब उपदेश करणाऱ्यांना दिलासा देणारी आहे.) एलीया रतामाच्या झुडपाखाली झोपला तेव्हाही देवदूताने त्याला आधी खायला दिले आणि पुन्हा झोपू दिले.

मग झोपेची कधी जबाबदारीच नसते काय? असे म्हणून मोकळे होता आले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण टेम्पो चोर्ला घाटातून जातो. समोरून बस येते, बसमध्ये माणसे असतात. झोपणाऱ्याला दोष देऊ नये हे बाकावर खरे आहे, स्टिअरिंगवर काय?

याचे उत्तर शोधताना आम्ही निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायातील बैलाच्या नियमापाशी येऊन पोचलो. नियम असा आहे : एखाद्या बैलाने कोणाला शिंगाने मारले तर बैल जिवे मारावा, पण मालक निर्दोष. मात्र तो बैल आधीपासून मारका असेल, मालकाला तसे सांगितलेले असेल, आणि तरी त्याने त्याला आवरले नसेल, तर मालकही दोषी. दोन्ही प्रसंगांत बैल तोच, शिंगे तीच, मेलेला माणूसही तसाच. फरक एवढाच की, मधल्या काळात कोणीतरी येऊन मालकाला सांगून गेले होते.

आणि नियमाचे शब्द लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहेत. मालकाला 'पटले असेल तर' असे तो म्हणत नाही. 'सांगितले असेल तर' म्हणतो. ज्याने खेड्यात बैल पाळलेले पाहिले आहेत त्याला याचे मर्म कळेल. मारका बैल मालकासमोर गरीबच असतो. धावतो तो शेजाऱ्याच्या पोरावर, पाणवठ्यावरच्या बाईवर. मालक मोठ्या प्रामाणिकपणे म्हणतो, माझ्या बैलाने मला कधी शिंग दाखवले नाही. खोटे बोलत नाही तो. पण त्याचा हा अनुभव पुरावा म्हणून बिनकामाचा आहे, आणि म्हणूनच नियम त्याचा अनुभव विचारीत नाही, शेजाऱ्याने सांगितले होते का एवढेच विचारतो. घोरणाऱ्याचे अगदी हेच आहे. आपल्या घोरण्यासमोर तो कधी जागेपणी उभाच राहिलेला नसतो.

१ डिसेंबर २०१३, रविवारची सकाळ. अमेरिकेत पकीप्सीहून न्यूयॉर्कला येणारी लोकल गाडी ब्राँक्स भागातील एका तीव्र वळणावर रुळांवरून घसरली. त्या वळणावर ताशी सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा होती; गाडीचा वेग सुमारे १३२ होता. चार माणसे मेली, साठाहून अधिक जखमी झाली. चालकाने ना दारू घेतली होती ना तो फोनवर बोलत होता. तपासात निघाले की, त्याला तीव्र स्लीप ॲप्निया होता, तो कोणी कधी ओळखलेला नव्हता, आणि नुकतीच त्याची पाळी बदलून पहाटेची झाली होती. वळणाआधी तो झोपेत गेला होता. चालकांची या आजारासाठी तपासणी करण्याची पद्धत त्या रेल्वेत नव्हती, यावरही तपासयंत्रणेने बोट ठेवले. २०१५ साली तिथल्या सरकारी वकिलांनी चालकावर फौजदारी खटला न भरण्याचे ठरवले. मेलेल्यांच्या नातेवाइकांना हे कसे वाटले असेल याची कल्पना करवत नाही. तरीही बैलाच्या नियमाने पाहिले तर आम्हाला तो निर्णय बरोबर वाटतो. त्या माणसाला कोणी सांगितलेले नव्हते.

आमच्या टेम्पोवाल्या बंधूंना मात्र सांगितलेले होते. अकरा वर्षे.

हे ध्यानात आल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. आधी क्षमा मागायची होती, पण अडचण अशी की, त्या रविवारी आपला अपमान झाला हेच त्यांना माहीत नव्हते. तेव्हा अपमान आधी समजावून सांगावा लागला. ते मोकळेपणी हसले आणि म्हणाले, "सोडा की भाऊ." पण तपासणीचे नाव काढताच चेहरा बदलला. "दवाखान्यात 'गाडी चालवू नको' म्हणाले तर टेम्पोचे हप्ते कोण भरणार? तुम्ही?" याला आमच्यापाशी उत्तर नव्हते. बैल बांधून ठेव म्हणणे सोपे असते. ज्याचे शेत त्याच बैलावर चालते त्याला ते सांगून पाहावे.

शेवटी त्यांच्या थोरल्या मुलीने हट्ट धरला आणि ते गेले. तपासणी घरच्या घरी झाली : रात्री बोटाला एक चिमटा, छातीला पट्टा, नाकाशी एक बारीक नळी. (काहींना मात्र रुग्णालयात एक रात्र काढून पूर्ण तपासणी करावी लागते.) अहवालात तासाला सेहेचाळीस असा आकडा आला. डॉक्टरांनी उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवू नये असे स्पष्ट सांगितले. मंडळीतील दोघा तरुणांनी आळीपाळीने महिनाभर त्यांचा टेम्पो गोव्याला नेला. भाडे त्यांना पुरते मिळाले नाही आणि त्यातल्या एकाची कुरकुर आम्ही अजून ऐकतो. हे लिहिले नाही तर चित्र खोटे होईल.

उपचारांविषयी लोकांत इतके गैरसमज आहेत की थोडे विस्ताराने सांगतो. नाकात तूप किंवा मोहरीचे तेल सोडल्याने घशाची मिटलेली वाट उघडत नाही. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचे खूळ हल्ली निघाले आहे. ज्याचे नाक चोंदलेले आहे त्याने तर ते मुळीच करू नये. खरोखर उपयोगी अशा साध्या गोष्टी आहेत. पाठीवर झोपल्याने जीभ मागे पडते, म्हणून कुशीवर झोपावे. बनियनच्या पाठीला खिसा शिवून त्यात चेंडू ठेवायची जुनी युक्ती काहींना पुरते. दारू आणि झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू आणखी सैल करतात. वजन उतरले की श्वास थांबण्याची संख्याही उतरते. पण लठ्ठ माणसालाच हा आजार होतो असे समजू नये. जबड्याची ठेवण लहान असली तर सडपातळ माणसालाही होतो. टेम्पोवाले आमचे बंधू लठ्ठ नाहीत, म्हणूनच कोणाला शंका आली नाही.

मुख्य उपचार सीपॅप या यंत्राचा. पूर्वी तीव्र रुग्णाला गळ्याला भोक पाडून श्वासाची वाट करून देणे एवढाच खात्रीचा मार्ग होता. ऑस्ट्रेलियात सिडनी येथील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी निराळा विचार केला : बाहेरून नाकावाटे सौम्य दाबाने हवा सोडली तर ती आतून घशाला टेकू देईल आणि वाट मिटणार नाही. पाच रुग्णांवरचा हा प्रयोग त्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या यंत्रांत धूळ ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर उलटी वापरली होती. आजचे यंत्र डब्याएवढे आणि हळू आवाजाचे असते. ते प्राणवायूचे सिलिंडर नव्हे. साधी खोलीतलीच हवा असते.

यंत्राची अडचण अशी की ते घालावे लागते. आमच्या बंधूंनी तीन रात्री वापरून ते कपाटावर ठेवून दिले. "हत्तीची सोंड लावून बायकोशेजारी झोपू काय?" असे त्यांचे म्हणणे. वीज गेली की यंत्र बंद, त्याची किंमत तीस-चाळीस हजारांपासून पुढे, ही दुखणी निराळीच. यंत्र घेणे आणि यंत्र वापरणे यांत किती अंतर असते याचा एक मोठा दाखला आहे. भारतासह सात देशांत सत्तावीसशेंहून अधिक हृदय व मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या रुग्णांवर केलेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. यंत्र वापरणाऱ्यांची दिवसाची झोप आणि एकूण तब्येत सुधारली. पण हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी सव्वातीन तासांच्या आसपासच वापरले होते. तेव्हा यंत्राने सारे काही टळते असे कोणी सांगितले तर ऐकू नये, आणि त्याने काही होत नाही असे कोणी म्हटले तर तेही ऐकू नये.

ज्यांना यंत्र सोसत नाही त्यांच्यासाठी दंतवैद्य खालचा जबडा थोडा पुढे धरून ठेवणारी पट्टी तयार करून देतात. सौम्य आणि मध्यम आजारात ती चांगली चालते. टाळूची शस्त्रक्रिया काहींना लाभते, सर्वांना नाही. जिभेच्या मज्जातंतूला झोपेत हलका विद्युत्-इशारा देणारे, छातीत बसवायचे उपकरण अमेरिकेत २०१४ साली मंजूर झाले. आपल्याकडच्या बहुतेकांच्या ते आवाक्याबाहेर आहे. वजन उतरवणारे टिर्झेपेटाइड हे इंजेक्शन अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ रुग्णांच्या या आजारासाठी मंजूर झाले, आणि २०२५ पासून ते औषध भारतातही मिळू लागले आहे. तेही स्वस्त नाही, आणि डॉक्टरांशिवाय घेऊ नये. एक गंमत सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचे डिजरीडू नावाचे लांब फुंकवाद्य चार महिने वाजवल्याने घशाचे स्नायू बळकट होऊन आजार कमी झाल्याचे स्वित्झर्लंडमधील एका लहानशा अभ्यासात २००६ साली दिसले. आमच्या गायकवर्गातील एकाने हे ऐकून लगेच तुतारीची मागणी केली.

संडे स्कूलच्या शिक्षकांना एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. हा आजार मुलांनाही होतो, बहुधा टॉन्सिल्स आणि नाकामागच्या गाठी वाढल्यामुळे. पण असे मूल पेंगतेच असे नाही. पुष्कळदा ते उलट वागते. एका जागी बसत नाही, लक्ष देत नाही, चिडते, तोंडाने श्वास घेते, मोठे झाल्यावरही अंथरूण ओले करते. वर्गात आपण त्याला वात्रट म्हणून कोपऱ्यात उभे करतो. अशा मुलाच्या आईला एकदा विचारावे, रात्री हा घोरतो का? बहुतेक वेळा गाठी काढल्या की मूल सुधारते. आम्ही स्वतः किती मुलांना कोपऱ्यात उभे केले आहे त्याचा हिशेब आता लागणार नाही.

आणि ज्यांच्याशेजारी कोणीच नसते त्यांचे काय? विधवा बहिणी, एकटे राहणारे शिक्षक, वसतिगृहातली मुले. बायकांचा आजार तर घरात माणसे असूनही दबून राहतो. नवऱ्याचे घोरणे बायको ऐकते. बायको घोरली तर नवरा झोपलेला असतो, किंवा ती लाजेने दुसऱ्या खोलीत निजते. पाळी गेल्यानंतर बायकांत हा आजार वाढतो, आणि तो पेंगण्यापेक्षा थकवा आणि उदासपणाच्या रूपाने दिसतो, म्हणून डॉक्टरांच्याही लक्षात लवकर येत नाही. आपल्या अधिवेशनांत पन्नास-पन्नास माणसे एका हॉलमध्ये सतरंजीवर झोपतात. रात्री कोणाचे तरी घोरणे सुरू होते, सगळे हसतात, सकाळी चहाच्या वेळी त्याची नक्कल होते. त्या पन्नास जणांत दोन-चार तरी असे असतात ज्यांनी ते घोरणे मधेच थांबलेले ऐकलेले असते. नक्कल करतो तो सगळ्यांसमोर करतो. सांगायचे असेल तर एकट्याला बाजूला घ्यावे लागते, आणि तेवढे कष्ट कोणी घेत नाही.

टेम्पोवाल्या बंधूंचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. यंत्र महिनाभर कपाटावर होते. डॉक्टरांनी तोंडावरचा मोठा मास्क बदलून नाकापुरता लहान दिला, हवेचा दाब हळूहळू वाढणारा करून दिला, आणि त्यांच्या पत्नीने एक अट घातली : ज्या रात्री यंत्र नाही त्या रात्री टेम्पोची किल्ली माझ्या उशीखाली. या अटीमुळे घरात बरेच दिवस अबोला होता. आता ते यंत्र वापरतात. बाई म्हणतात की पहिल्या काही रात्री इतकी शांतता होती की त्यांनाच झोप लागेना; दर थोड्या वेळाने उठून त्या नवऱ्याच्या नाकाशी हात धरून पाहत. ते आता उपासनेत शेवटच्या बाकावर जागे बसतात. मागच्या महिन्यात त्यांनी आम्हाला दारात गाठून सांगितले, "भाऊ, आता जागा असतो म्हणून कळतं. तुमचा उपदेश फार लांबतो."

हा लेख आम्ही दोन महिन्यांपूर्वीच लिहायला घेतला होता. बैलाच्या नियमापर्यंत लिहून झाले त्या रात्री आमच्या पत्नीने विचारले, "तुम्हाला मी किती वेळा सांगितलं आहे?" आम्ही विचारले, काय? ती म्हणाली, "घोरता. आणि मधे थांबताही." आम्ही म्हणालो, ते दमलो असलो तरच. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी तिने मोबाइल टेबलावर ठेवला. रात्री तिने आवाज नोंदवून ठेवला होता. पहिल्यांदा आमचे घोरणे ऐकू आले. आम्ही थोडे ओशाळून हसलो. मग ते थांबले. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा आम्ही पाहत होतो. पाच झाले, दहा झाले, अठरा झाले. मोबाइलवर लांब कुठेतरी कुत्रे भुंकत होते, आणि टेबलाशी आम्हीही श्वास धरून बसलो होतो.

पुढच्या गुरुवारी आमची तपासणी आहे. रविवारी खानापूरला उपदेश आहे. नेहमी मोटारसायकलने जातो, या वेळी बसने जाणार आहोत. किल्ली कोणाच्या उशीखाली आहे हे वाचकांनी ओळखले असेलच.